भिंतीतून जाणारी गोष्ट

पुढची दहा वर्षं मुलांच्या डोक्यात काय घालायचं, हे आमच्या कार्यालयात ठरतं. ज्या टेबलावर ते ठरतं त्याचा एक पाय आखूड आहे. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे, तरी कोणी तावातावाने बोलायला लागलं की टेबल डुगडुगतं आणि चहा बशीत सांडतो. मी बोलायला लागले की सगळे आधी आपापले कप उचलून घेतात.

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. माझ्या भाचीने तर मला नावच तसं दिलंय. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, यंत्र लावूनही काही फायदा झाला नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते, आणि त्या भाषेत ओळखीच्या प्रत्येक माणसाला एक स्वतःची खूण मिळते. माझी खूण म्हणजे कपाळावर दोन बोटं आडवी ओढायची. आठी! तिची स्वतःची खूण गालावर बोट टेकवून होते, कारण हसली की तिथे खळी पडते. घरात आम्हीही तिला खळीच म्हणतो. तिच्या जुळ्या भावाला ऐकू येतं, आणि तो ऐकतो त्याच्या दसपट बोलतो, म्हणून तो भोंगा.

यंदा आमच्याकडे कर्णबधिर मुलांच्या शाळांसाठी वेगळी पुस्तकं काढायचं काम आलं होतं. वेगळी म्हणजे काय, तर सगळ्या मुलांचं जे पुस्तक तेच घ्यायचं आणि त्यातला भार कमी करायचा. 'भार कमी करणे' हे आमच्या कार्यालयाचे लाडके शब्द आहेत. मुलांवर उपकार केल्यासारखं वाटतं आणि कामही लवकर उरकतं.

विज्ञानाच्या पुस्तकातून पहिला पाठ वगळला गेला तो 'आवाज'. त्यावर वाद झालाच नाही, टेबलही हललं नाही. आमचे अध्यक्ष मनाने मऊ आहेत. ते म्हणाले, "बिचाऱ्यांना जे कधी मिळणार नाही त्याचंच वर्णन वाचायला लावायचं? जखमेवर मीठ चोळण्यातलाच प्रकार झाला तो." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. ज्यांना आवाज ऐकू येत नाही त्यांना आवाजाचा पाठ कशाला, यात न कळण्यासारखं काय होतं? विज्ञानाची शिफारस माझ्या सहीने जायची होती. सही तेवढी बाकी होती.

नव्या पुस्तकाची कच्ची प्रत मी कौतुकाने घरी नेली.

मी ताईकडेच राहते. भाऊजी कामानिमित्त सतत फिरतीवर असतात, त्यामुळे घरात आम्ही दोघी बहिणी आणि ही दोन पोरं. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांच्याकडे एक काठी आहे आणि तिचा उपयोग चालण्यासाठी कमी आणि छत ठोकण्यासाठी जास्त होतो. वर खुर्ची सरकली, चेंडू पडला, कोणी टाचा आपटत चाललं, की खालून ठक ठक सुरू. मग ताई जिथे असेल तिथून धावत येते आणि खळीला ओठांवर बोट ठेवून दटावते. 'आवाज करू नकोस.' भोंगा दिवसभर घर डोक्यावर घेतो, पण खुर्ची ओढते ती नेमकी खळी, कारण ओढली की आवाज होतो हे तिला कळायचं काही साधन नाही.

गेल्या वर्षभरात तिला एक खोड लागली होती. ती कागद भिजवून त्याचे बारीक बोळे करायची आणि फरशांच्या सांध्यांत दाबून बसवायची. मोरीचा पाइप जिथे जमिनीतून खाली जातो तिथल्या फटीत तर तिने अख्खं वर्तमानपत्र कोंबलं होतं. ताईने आधी ते भोंग्याच्या माथी मारलं आणि त्याने फुकटचा मार खाल्ला. खरी गोष्ट कळल्यावर ताईने विचारलं, "काय गं हे? घर साफ करून करून कंबर मोडली माझी." खळीने खांदे उडवले. पूर्वी ती जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायची, पाय हवेत हलवत, तास न् तास. आता ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसायची. मोठी होतेय, आम्ही म्हणायचो.

कच्ची प्रत तिच्या हातात दिली तेव्हा तिने आधी रंगीत चित्रं पाहिली, खूश झाली. मग भोंग्याच्या दप्तरातून त्याचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. एका तळहातावर त्याचं ठेवलं, दुसऱ्यावर स्वतःचं, आणि भाजीवालीसारखे दोन्ही हात वरखाली केले.

"माझं हलकं का?" तिने खुणेने विचारलं.

"तुझा भार कमी केलाय," मी खुणा केल्या. माझ्या खुणांना व्याकरण नाही असं तिचं मत आहे, पण एवढं तिला कळलं.

"मी सांगितलं होतं?"

मी काही बोलायच्या आत तिने दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी उघडल्या आणि बोट खाली नेत नेत बरोबर त्या जागेवर आणलं. 'आवाज.' तो शब्द लिहिलेला तिला चांगला ओळखू येतो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग अगदी सावकाश, मला नीट कळावं म्हणून, खुणा केल्या.

"रोज तुम्ही मला सांगता, आवाज करू नकोस. सगळ्यात जास्त हेच सांगता. मग तो काय असतो ते माझ्या पुस्तकात का नाही?"

कोंडीत सापडले की मला राग येतो. "तुझ्या बाईंना विचार," मी म्हटलं आणि हात झटकले. कार्यालयातली सवय घरीही उपयोगी पडते.

तिने खरंच बाईंना विचारलं. चार दिवसांत त्या बाईंचा अर्ज आमच्याकडे येऊन थडकला, आधी वर्गचाचणी घ्या म्हणून. वर्गचाचणी घेतल्याशिवाय कुठलाही पाठ वगळता येत नाही, असा आमचाच एक नियम आहे. आम्ही तो केला आणि विसरलो. चाचणी म्हणजे वर्गात तो पाठ शिकवायचा आणि समितीच्या माणसाने मागे बसून पाहायचं. पाहणाऱ्याने बोलायचं नाही, मुलांना काही सुचवायचं नाही. शेवटी कागदावर एवढंच लिहायचं की पाठ मुलांना झेपतो की नाही.

"उपचार आहे, उरकून या," अध्यक्ष म्हणाले. "दुपारच्या बैठकीत अंतिम करून टाकू. तुमची भाची त्याच वर्गात आहे, पण गावात अशी शाळा एकच, त्याला काय करणार?"

सकाळी मी शाळेत गेले ते मनाशी उत्तर लिहूनच. शाळा दुमजली, वर्ग वरच्या मजल्यावर. मुलांची बाकं अर्धगोलात मांडलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. त्यात खळीही होती. तिने मला पाहून कपाळावर दोन बोटं ओढली आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. बाई उंच, कोपरापर्यंत खडूने माखलेल्या. त्यांनी दिवा चालू-बंद केला आणि वर्गाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले, चाचणीचा कागद पुढ्यात घेतला.

बाईंनी एक मोठा पत्र्याचा डबा आणला. त्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवलेलं, त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरलेलं. एका मुलाला पुढे बोलावून त्यांनी त्याला त्या रबराजवळ तोंड नेऊन ओरडायला सांगितलं. तो ओरडला आणि मीठ उडालं. तो थांबला, मीठ थांबलं. त्याने हळू घुमल्यासारखं केलं तर मिठाच्या रेघा झाल्या. पोरगा मागे सरकला आणि त्याने स्वतःचा गळा धरला. हे माझ्यातून निघतं? त्याचा चेहराच विचारत होता.

मग सगळ्यांची झुंबड उडाली. असा गोंगाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. कोणाचा आवाज चिरका, कोणाचा रेड्यासारखा, कोणाला तो कमीजास्त करायची सवयच नाही. मी कानांवर हात ठेवणार होते, पण नियम आठवला. शिवाय त्यांच्याकडे बघता बघता हात वर उचलायचं राहूनच गेलं. प्रत्येकजण आपल्या आवाजाचं मीठ बघत होता. भोंग्याने या पाठातलं एक वाक्य पाठ केलंय, आवाज कंपनामुळे निर्माण होतो. तो ते एका दमात म्हणतो आणि खेळायला पळतो. त्याला त्यात नवल वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. मलाही त्याच्या वयात वाटलं नव्हतं.

बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'आवाज होतो', दुसऱ्या बाजूला 'होत नाही'. आणि मुलांना म्हणाल्या, विचारा.

पहिला प्रश्न एका दोन वेण्यांच्या मुलीचा. "सूर्य उगवतो तेव्हा आवाज होतो का?"

बाईंनी नाही म्हणून सांगितलं. मुलीला ते पटलं नाही. एवढी मोठी वस्तू, आणि काहीच नाही?

"दिवा लागतो तेव्हा?" "सावली सरकते तेव्हा?" "केस वाढतात तेव्हा?" "लाल रंगाचा जास्त असतो का, पांढऱ्यापेक्षा?" "लांबचा पाऊस इथून दिसतो, त्याचा आवाज दिसतो तेव्हाच येतो की नंतर?" "आई झोपली की तिचा आवाज बंद होतो का, की थोडा चालू असतो?" एक बारकासा मुलगा बराच वेळ हात वर धरून होता. त्याने विचारलं, "मी मनात विचार करतो, तो तुम्हाला ऐकू येतो का?" आणि बाईंनी नाही म्हटल्यावर त्याने एवढा मोठा निःश्वास सोडला की सगळे हसले.

मी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी कान घेऊन हिंडतेय, आणि सूर्य गुपचूप उगवतो याचं मला एकदाही आश्चर्य वाटलं नव्हतं. रोज सकाळी एवढा मोठा प्रकाश येतो आणि साधं खुट्ट होत नाही! पाठ मुलांना झेपतो का, असं त्या कागदावर छापलेलं होतं. खरं तर तो मलाच झेपत नव्हता.

तेवढ्यात बाई मुलांना म्हणाल्या, "मी सांगते म्हणून मानू नका. तपासून बघा. आज वर्गात एक जादाचा कान आलाय." आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

"अहो, मला भाग घेता येत नाही," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

"भाग घेऊ नका ना," बाई म्हणाल्या. "आवाज आला की अंगठा वर, नाही आला की खाली. पाहणीच आहे ती."

मी काही ठरवायच्या आत मुलांनी मला गराडा घातला. एकाने कागदावर पेन्सिल ओढली आणि माझ्या अंगठ्याकडे बघितलं. वर. एकीने पापण्या मिटल्या, उघडल्या. खाली. पान उलटलं, वर. कोणी स्मित केलं, खाली. कोणी आवंढा गिळला, तेव्हा मी अंगठा मधेच आडवा धरला, तर सगळ्यांना तो आडवा अंगठा फारच आवडला आणि मग सगळेच आवंढे गिळत सुटले. बूट घासणं वर, बुटाची नाडी बांधणं खाली. नाक ओढणं वर, आणि त्या पोराने चटकन इकडेतिकडे बघितलं, जणू इतकी वर्षं आपण काय काय करत आलो याचा त्याला आत्ता पत्ता लागला होता. त्यांच्या हालचालींचा एक अर्धा भाग आजवर त्यांच्या नकळत जगभर पसरत होता, आणि तो कुठला अर्धा हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही फक्त ओठांवर बोट ठेवत आलो होतो.

खळी समोर आली. ती हसली आणि तिने भुवया उंचावून विचारलं. मी अंगठा वर केला.

"कसा आहे?" तिने विचारलं. "वाईट?"

"पाणी सांडल्यासारखा," मी खुणा केल्या. "छान आहे."

मग वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्या डोक्यात एक किडा वळवळला. आवाज किती लांब जातो? त्याने खडूने जमिनीवर रेघ मारली, मला तिथे उभं केलं, बाक वाजवलं. अंगठा वर. त्याने मला मागे सरकवलं. पुन्हा वर. करता करता मी दाराबाहेर गेले. त्याने दार लावून घेतलं. दाराला वरच्या बाजूला काचेची पट्टी होती. आतून बाक वाजलं, मी काचेतून अंगठा वर केला.

आत एकदम हातांची धांदल उडाली. दार बंद होतं! एकाने दार तपासलं, खालची फट सापडली, तिच्यात आपला स्वेटर कोंबला. पुन्हा बाक वाजवलं. माझा अंगठा वरच. उंच मुलाने दार उघडलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. त्याला वाटलं मी शेंडी लावतेय. त्याने मला शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं, तोंड कोपऱ्याकडे करून उभं केलं, आणि बाईंना मधल्या व्हरांड्यात उभं केलं, माझा अंगठा बघून वर्गाला सांगायला. मधे अख्खी भिंत. पलीकडून भिंतीवर थाप पडली. मी अंगठा वर केला. मग बराच वेळ काही नाही, मी अंगठा खाली केला. मग दोन थापा. मी दोनदा वर केला.

मी परत आले तेव्हा वर्ग चिडीचूप होता. इतका वेळ चाललेले सगळ्यांचे हात थांबले होते. मुलं भिंतीपाशी उभी होती आणि भिंतीला हात लावून बघत होती, कुठून गेला ते.

त्या दोन वेण्यांच्या मुलीने बाईंना विचारलं, "भिंतीतून?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला भिंतीतून कळतं?"

हो, मी म्हटलं. मला भिंतीतून कळतं. आणि ते सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. नजर भिंतीला अडते, उजेड अडतो, हात अडतो, वारा अडतो. आणि ही एक गोष्ट, जिला रंग नाही, आकार नाही, जी हातात धरता येत नाही, ती विटांच्या आरपार निघून जाते आणि पलीकडच्या माणसाला जाऊन भेटते! आपण तिच्यात जन्मलो, वाढलो, म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही. त्या मुलांसमोर उभं राहून मला वाटलं, मी आयुष्यभर एका चमत्काराच्या आत राहते आहे आणि त्यावर प्रश्न काढते आहे, दोन गुणांचे.

खळी मात्र भिंतीकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. तिने बाईंचा हात ओढला आणि जमिनीकडे बोट केलं.

"यातून पण? वरून खाली?"

बाईंनी मान हलवली. पण खळीला नुसती मान नको होती. तिने मला खाली पाठवलं. वर्गाच्या खाली सामानाची खोली होती. तिथे झाडू, बादल्या आणि मोडक्या बाकांमध्ये उभी राहून मी वर छताकडे बघत राहिले. थोड्या वेळाने डोक्यावरून एक लांबलचक, कर्कश ओरखडा गेला. तिने खुर्ची ओढली होती.

मी जिना चढून आले आणि दारातच अंगठा वर केला.

ती माझ्याजवळ आली. इतकी जवळ, की हात हलवायला जेमतेम जागा उरली. छोट्या छोट्या खुणांनी, इतरांना दिसू नये अशा, तिने विचारलं, "म्हणजे काका मला बघत नाहीत?"

मला आधी कळलंच नाही. कुठले काका? काय बघत नाहीत? आणि मग सगळं एकदम कळलं. फरशांच्या सांध्यांतले बोळे. पाइपाच्या फटीतलं वर्तमानपत्र. पलंगावर पोटाशी घेतलेले पाय. ती खुर्ची हलवायची, आणि त्याच क्षणी तळपायांना खालून ठोकल्याचं जाणवायचं, आणि तिची आई धावत येऊन दटावायची. वर कोणी आलेलं नसायचं, दार बंद असायचं. मग खालच्या माणसाला कळायचं कसं? तिला एकच उत्तर सापडलं होतं आणि तिच्या जगात ते अगदी बिनचूक होतं. तो जमिनीतून बघतो. कुठेतरी भोक आहे. तो सतत, रोज, तिच्याकडे खालून बघत असतो, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे आणि त्यांचं काही म्हणणं नाही.

वर्षभर ती एकटीने ते भोक शोधत होती.

मी खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले, मग बोलायचं म्हणून सोडले. "नाही," मी खुणा केल्या. "कधीच बघितलं नाही. त्यांना दिसत नाही. फक्त ऐकू येतं."

तिने माझ्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. भार कमी होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

दुपारी बैठकीत माझी पाळी आली तशी सगळ्यांनी सवयीने कप उचलले. मी हळू आवाजात बोलले, आवाज चढवायचं त्राणच नव्हतं. टेबल जराही हललं नाही, पण कप मात्र सगळ्यांनी तसेच हातात धरून ठेवले. सूर्यापासून सुरुवात करून मी कागदाच्या बोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं.

एक सदस्य म्हणाले, "तुमचं सगळं खरं. पण परीक्षेत याचं काय विचारणार? आणि एका मुलीच्या गैरसमजावरून अख्खा अभ्यासक्रम..."

"एकीचा आपल्याला कळला," मी म्हटलं. "तोही तिने विचारलं म्हणून. अहो, आपण काय केलं होतं? आवाज ऐकणाऱ्यांचा, असं आपणच ठरवून टाकलं. आवाज ही मुलंही करतात आणि त्याबद्दल ओरडाही खातात. ज्या जगात त्यांनी राहायचं, त्याचाच नियम आपण त्यांच्या पुस्तकातून काढून घेत होतो, आणि वर दया केली म्हणत होतो. आपला अभ्यासक्रम म्हणजे दुसऱ्याच्या मुलांबद्दल आपण बांधलेला अंदाज असतो. हा अंदाज साफ चुकला."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "राहू दे पाठ," ते म्हणाले. "आणि ते मुलांचे प्रश्न सगळे घाला त्यात. ऐकणाऱ्यांच्या पुस्तकातही घाला." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "एवढा मोठा सूर्य, आणि खरंच काही आवाज नाही हो."

संध्याकाळी घरी पोचले तर ताई मोरीच्या दाराशी जमिनीवर बसली होती. समोर ओल्या-वाळक्या कागदाचा ढीग. खळीने शाळेतून आल्याबरोबर एकेक बोळा काढून टाकला होता आणि आईला सगळं सांगितलं होतं. ताईचे डोळे लाल झाले होते. "मला वाटायचं खोड्या करते," ती म्हणाली. "वर्षभर, गं. मी तिला ओरडायचे." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. भोंगाही ढिगाशी उकिडवा बसून बोळे गोळा करत होता.

खळी खोलीच्या मधोमध उभी होती. आम्ही सगळे बघतोय याची खात्री करून तिने खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत नेली. ताई सवयीने उठायला लागली, मी तिला खाली बसवलं. खालून ठक ठक झालं. खळीच्या तळपायांना ते कळलं, आणि ती खळखळून हसली. मग धाडकन जमिनीवर पालथी पडली, गाल फरशीला टेकवला, खळीचाच गाल, आणि मला बोलावलं. कान लाव, म्हणाली. ते काय करतायत सांग.

माझ्या वयाला न शोभेल अशी मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि फरशीला कान लावला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग खोकला, बराच वेळ. मग चप्पल घासत चालणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. मी एकेक करून तिला सांगत गेले.

"आणि कोण आहे तिथे?" तिने विचारलं.

मी नीट ऐकलं. "कोणी नाही. एकटेच आहेत."

"बोलतायत?"

"नाही."

ती तशीच पडून राहिली, गाल फरशीवर, डोळे माझ्याकडे. किती वेळ विचार करत होती कोण जाणे, आणि तो विचार मला ऐकू येत नव्हता. मग ती उठली. खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला तशीच उभी होती. खळी तिच्याजवळ गेली, खाली वाकली, आणि दोन्ही हातांनी खुर्ची पूर्ण उचलली. खुर्ची तिच्या मानाने जड होती. ती पोटाशी धरून, टाचा न टेकवता, ती अख्खी खोली पार करून आली आणि खुर्चीचा एकेक पाय सावकाश जमिनीवर टेकवला.

मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून.

मी जमिनीवरूनच हात पुढे केला आणि अंगठा खाली केला.